महाराजांच्या फौजेची शिस्त

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. अफझलखानाचा प्रसंगही दर वर्षी कोणी ना कोणी भाषणात सांगतंच. म्हणून मी लढाया सोडून महाराजांच्या फौजेची रीत काय होती, ते लिहायचं ठरवलं.

पंचवीस घोडेस्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी, अशी रचना होती. कोणी कोणाचं ऐकायचं, याबद्दल गोंधळ नव्हता. पावसाळ्यात फौज छावणीत राही आणि दसऱ्याला बाहेर पडे. निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करत आणि परत आल्यावर ती ताडून पाहत. म्हणजे लूट कोणाला लपवता येत नसे. स्वारीत बायका बरोबर न्यायच्या नाहीत आणि शत्रूच्या मुलखातल्या बायकापोरांना धरायचं नाही, असा सक्त हुकूम होता.

मान कसा राखावा हे महाराजांना चांगलं ठाऊक होतं, म्हणून अपमानही त्यांना लगेच कळे. १२ मे १६६६ रोजी ते आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात गेले. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे होते. नजराणा दिला, पण बादशहा धड बोललाही नाही. महाराजांना मागच्या, पाच हजारी सरदारांच्या रांगेत उभं केलं. पुढं जसवंतसिंहाची पाठ! आपल्याला प्रार्थनेला उंचीप्रमाणं उभं करतात, त्यात कोणाचा अपमान नसतो. दरबारात मात्र रांग म्हणजेच किंमत. महाराज भर दरबारात रागावले, पाठ फिरवून बाजूला जाऊन बसले आणि रामसिंहानं समजूत घातली तरी ऐकेनात. मग कैद झाली, पण ऑगस्टमध्ये ते निसटले.

मला सगळ्यात आवडलं ते १६७३ च्या मे महिन्यातलं पत्र. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी ते धाडलं. दाणा आणि गवत आताच उधळलं तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्याचं पाप तुमच्यावर येईल, असं त्यांनी बजावलं. मग शिपाई गावात शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकूड, कोणी भाजी. असं झालं तर रयत घरदार सोडून जाईल आणि तिला मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल. खजिन्यातून पैसे दिले आहेत, लागेल ते बाजारातून विकत आणा, अशी त्यांची आज्ञा होती.

पुढं तर घरातलं वडीलधारं माणूस सांगतं तसं सांगितलंय. गवताजवळ चूल पेटवू नका, वारा न बघता तंबाखू ओढू नका, रात्री दिवा विझवा, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल. आमच्याकडं वैरणीच्या गंजीजवळ कोणी विडी पेटवली की आजी अशीच ओरडते. एवढा मोठा राजा, पण उंदरापर्यंत त्याचं ध्यान होतं!

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता. त्यानं लांबूनच वाकून मुजरा केला आणि दुभाषानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरून दाखवली. महाराजांचं लगेच लक्ष गेलं. त्यांनी त्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावलं आणि मानाची वस्त्रं दिली. आग्र्याचा दरबार आणि हा दरबार, यात केवढा फरक!

३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावरच वारले. त्यांची समाधी तिथं जगदीश्वराच्या देवळाजवळ आहे. आमच्या आळीतली मोठी पोरं शिवजयंतीला गडावरून ज्योत पेटवून पळत आणतात. वाटेत कोणाच्या उभ्या पिकातून जायचं नाही, बांधावरूनच जायचं, असं त्यांनी आपसात ठरवलंय.

— इयत्ता सातवी