माळावरची व्यवस्थापनशाळा
(खास प्रतिनिधी)

नृसिंहवाडी - कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तपादुकांच्या दर्शनाला येणारा भाविक घाट उतरतो, स्नान आटोपतो, पेढे-बासुंदी घेऊन परततो. आजूबाजूच्या शिरोळ तालुक्यातील उसाच्या हिरव्या पट्ट्याकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. नदीचे पाणी उचलून शेतात नेणारे पंप आणि ऊस गाळणारे लोखंडी चरक या मुलखात रुजले, त्यामागे संगमापासून वरच्या अंगाला, कृष्णाखोऱ्यातच वसलेल्या एका कारखान्याचा मोठा वाटा आहे. कुंडल रोड नावाच्या एकाकी रेल्वे स्थानकाशेजारच्या माळावर १९१० मध्ये तो उभा राहिला. त्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचे कारखानदार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. कारखाना चालविणारी माणसे त्यांनी कशी घडविली, हा भाग मात्र तुलनेने कमी सांगितला जातो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग ओळखण्यात दृष्टी दगा देते, असे ध्यानात आले आणि रंग सोडून त्यांना यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तेथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला. माणसाची लायकी जन्मावरून वा प्रशस्तिपत्रकावरून ठरवायची नाही, हे त्यांचे पुढचे धोरण या अपमानातून आले असावे, असे मानायला जागा आहे.

बेळगावात वडीलबंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान मांडले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगर बनविण्यापेक्षा तो विकणे अवघड गेले. याच सुमारास गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश निघाला. चाळिशीच्या उंबरठ्यावर, यंत्रे आणि संसार घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी मदतीला धावले. त्यांनी आपल्या संस्थानातील ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, साप-विंचवांचा माळ होता.

या माळावर लक्ष्मणरावांनी जमविलेली मंडळी पाहिली, तर आजचा कोणताही मनुष्यबळ अधिकारी कपाळाला हात लावील. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली; त्यांच्याकडे अभियांत्रिकीचे काम सोपविले. मंगेशराव रेगे कारकून होते, ते हिशेबाचे प्रमुख झाले. शंभोराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत व्यवस्थापक झाले आणि वसाहतीची आखणी व माणसांची देखभाल रामूअण्णांकडे आली. रखवालीसाठी तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली माणसे नेमली गेली आणि त्यांनी ती इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. त्या काळी तो केवळ बोलून भागणारा नव्हता.

या मंडळींची खरी परीक्षा १९१४ च्या महायुद्धाने घेतली. युरोपातील लढाईचा चटका औंध संस्थानातील माळाला बसला. कच्चे लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई झाली. जागतिक बाजारपेठेच्या लहरींची ही पहिली ओळख होती. पण त्याचबरोबर परदेशी मालाची आवक रोडावली आणि देशी नांगराला गिऱ्हाईक वाढले. ज्यांनी प्रत्येक काम हाताने केले होते, त्यांना पर्याय शोधताना कोणाला विचारत बसावे लागले नाही. युद्धानंतर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले.

स्वतः अनुभवातून शिकलेल्या लक्ष्मणरावांना या शिक्षणाची मर्यादाही कळली होती, हे विशेष. १९२२ मध्ये त्यांनी थोरले चिरंजीव शंतनुराव यांना अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठविले. मराठी घरातील हुशार मुलाने विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे किंवा सरकारी सेवेची परीक्षा द्यायची, असा तो काळ. नांगराच्या कारखान्यासाठी मुलगा सातासमुद्रापार धाडणे अनेकांना विचित्र वाटले असणार. १९२६ मध्ये पदवी घेऊन शंतनुराव परतले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे यांत्रिक हत्यारांसाठी १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे कारखाना निघाला. १९४६ मध्ये खडकीला ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत मोटारींचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव तेव्हा ७७ वर्षांचे होते. सूत्रे पुढच्या पिढीकडे गेलेली होती.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. जात, पदवी, पूर्वायुष्य न पाहता माणूस पारखणाऱ्या या उद्योगाची सर्वोच्च पदे मात्र बहुतांशी मुला-पुतण्यांकडेच राहिली. माळावरच्या त्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी कोणाचे नाव कारखान्याच्या पाटीवर चढले नाही. भारतीय उद्योगात तेव्हा हीच रीत होती, हे खरे; परंतु ज्याने इतक्या रीती मोडल्या, त्याच्याकडून हीही मोडली जावी, अशी अपेक्षा वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाचे नाव त्याआधीच किर्लोस्करवाडी झाले होते. आर्थिक उदारीकरणाच्या वर्षी, १९९१ मध्ये, हरिहरला किर्लोस्करांच्याच नावाने व्यवस्थापन शिक्षणाची संस्था सुरू झाली. तिच्या प्रवेशासाठी मात्र पदवी लागते.