उताऱ्यामागचा अर्थ शोधणारे दादोबा

नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. या गावात कितीतरी मुले घरी मावची किंवा गुजराती बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. परीक्षेत उतारा समोर येतो. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, ही युक्ती मुलांना लवकर साधते. गुण मिळतात, अर्थ मात्र उताऱ्यातच राहतो. अशा वेळी दादोबा पांडुरंग तर्खडकरांची आठवण येते.

दादोबा १८१४ साली मुंबईत जन्मले. अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. नवापूरची गाडी पश्चिमेला ज्या सुरतेस जाते, तिथेही ते शिक्षक होते. दुर्गाराम मेहताजींसारख्या गुजराती स्नेह्यांबरोबर १८४४ मध्ये त्यांनी तिथे मानवधर्म सभा स्थापन केली. पुढे मुंबईत त्यांनी शिक्षक घडवले, मग डेप्युटी कलेक्टर आणि रावबहादूरही झाले. पण सरकारी हुद्द्यात त्यांच्यातला मास्तर हरवला नाही.

मोरोपंतांची केकावली म्हणजे मोराच्या केकेसारखी देवाला घातलेली आर्त साद. लांबलचक समास, संस्कृत शब्द आणि वृत्तासाठी जागा बदलून बसलेली पदे यांमुळे ती पाठ होई, पण सहज उमगत नसे. १८६५ मध्ये दादोबांनी तिच्यावर टीका लिहिली आणि आईवडिलांच्या नावांवरून तिला ‘यशोदा पांडुरंगी’ म्हटले. तिच्या प्रस्तावनेत संस्कृत साहित्यविचाराशेजारी पाश्चात्त्य समीक्षेची दृष्टीही आली. मराठीत हे नवे होते.

अर्थ लावण्याची जुनी वाट अन्वयाची. आधी क्रियापद धरा, मग कर्ता शोधा, विशेषण कोणाचे ते पाहा. बाजारातून परतलेल्या बहिणीला भावाने हाक मारली, असे वाक्य घ्या. बाजारातून कोण परतले? घाईत वाचणारा भाऊ म्हणेल, कारण हाक मारणारा तोच आहे. परतलेल्या हा शब्द बहिणीला जोडला की उत्तर आपोआप मिळते. खतावणी जुळवण्यासारखेच हे काम आहे. प्रत्येक शब्द आपल्या खात्यावर पडला पाहिजे.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. बँकेच्या नोकरीत मी कर्जाच्या कागदांवर न वाचता उमटलेल्या असंख्य सह्या पाहिल्या. अक्षरओळख त्या सगळ्यांना होती. वाक्यातली अट कोणावर पडते, हे विचारायची सवय नव्हती. ती सवय शाळेतल्या उताऱ्यावरच लागायला हवी. तेव्हा आज मुलाने उत्तर लिहिले, की पुस्तक मिटून तेच त्याच्या घरच्या बोलीत सांगायला लावा. त्याला तसे सांगता आले, तर अर्थ त्याचा झाला.

दादोबा १८८२ मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या व्याकरणाला पूरणिका जोडली होती. पंचेचाळीस वर्षांनंतरही त्या पुस्तकात भर घालण्याजोगे काही उरले आहे, असे त्यांना वाटत होते.