डॉक्टर लिव्हिंग्स्टन आणि शरणपूरची पोरं

द्वारकेहून सीबीएसला आणि तिथून शरणपूर रोडला आपण शाळेच्या दिवसांत किती वेळा गेलो असू, त्याची मोजदाद नाही. कधी पिक्चरला, कधी नुसतं भटकायला. शरणपूर हे नाव कुठून आलं, असं मात्र आपल्या वर्गात कोणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. भूगोलाच्या तासाला आफ्रिकेच्या नकाशावर बोट ठेवून बाई व्हिक्टोरिया धबधबा दाखवायच्या. तो कोणी शोधला, हा दोन मार्कांचा हमखास प्रश्न. उत्तर आपल्याला पाठ होतं : डेव्हिड लिव्हिंग्स्टन. पण हा माणूस आपल्या नाशिकला येऊन गेला होता आणि त्याची शेवटची सोबत नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलांनी केली, हे पुस्तकात नव्हतं. संपादक मंडळाने एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिही म्हणून सांगितलं, तेव्हा मला हीच गोष्ट सांगावीशी वाटली.

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावचा. क्लाइड नदीच्या काठी कापडगिरणी आणि तिला लागून कामगारांची चाळ. चाळीत चोवीस बिऱ्हाडं, एका बिऱ्हाडाला एक खोली. त्या खोलीत आईवडील आणि पाच भावंडं राहत. वडील नील दारोदार चहा विकत. आजोबा मूळचे उल्वा नावाच्या छोट्या बेटावरचे. तिथल्या तुटपुंज्या शेतीवर पोट भरेना म्हणून ते गिरणीगावात आले, जसे आपल्याकडे कोकणातले लोक गिरगाव-परळला आले. पणजोबा १७४६ च्या कलोडनच्या लढाईत पडले होते. आजोबांना गोष्टींची खाण म्हणावं असं होतं आणि आजी गेलिक भाषेत जुनी गाणी म्हणायची. त्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. एका पूर्वजाने मरताना मुलांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, की मी आपल्या घराण्याच्या सगळ्या जुन्या हकिगती धुंडाळल्या, त्यांत एकही लबाड माणूस सापडला नाही. तेव्हा तुमच्यापैकी कोणी तसा निघाला तर ते रक्ताचं निमित्त सांगता येणार नाही. स्कॉटिश वारसा म्हणून डेव्हिडच्या वाट्याला आलं ते एवढंच. जमीनजुमला काही नव्हता.

दहाव्या वर्षी तो गिरणीत लागला. सकाळी सहा ते रात्री आठ तुटलेले धागे जोडायचे, मग आठ ते दहा गिरणीची रात्रशाळा. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिन व्याकरणाचं पुस्तक घेतलं. यंत्रावर पुस्तक उभं करायचं आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचं, ही त्याची युक्ती. मध्यरात्र झाली की आई हातातलं पुस्तक काढून घ्यायची.

पण हा मुलगा नुसता पुस्तकी नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. सुट्टी मिळाली की भावांना घेऊन तो रानोमाळ हिंडायचा. झाडपाला गोळा करायचा, चुनखडीच्या खाणीतले शिंपले वेचायचा. बॉथवेलच्या पडक्या किल्ल्यावर चढून त्याने आपलं नाव इतरांच्या नावांपेक्षा उंच कोरलं होतं. (आपल्या शाळेच्या बाकांची आठवण झाली ना?) एकदा नदीत त्याला सामन मासा मिळाला. हा मासा धरायला बंदी होती. मग तो धाकट्या चार्ल्सच्या पँटच्या पायात कोंबला आणि स्वारी गावातून घरी निघाली. बिचाऱ्या पोराचा पाय किती सुजलाय, म्हणून वाटेतले लोक हळहळत होते! वडील मात्र कडक. अंधार पडला की दाराला कडी. एकदा उशीर झाला, तर डेव्हिड रडारड न करता पावाचा तुकडा घेऊन पायरीवरच रात्र काढायच्या तयारीने बसला. शेवटी आईनेच हळूच आत घेतलं.

१८३६ मध्ये तो ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजात डॉक्टरी शिकायला गेला. फी १२ पौंड, गिरणीतल्या पगारातून साठवलेली. चीनला मिशनरी म्हणून जायचं ठरलं होतं, पण अफूचं युद्ध सुरू झालं आणि तो बेत फिसकटला. रॉबर्ट मोफॅट या मिशनऱ्याची भेट झाली आणि दिशा आफ्रिकेकडे वळली. नोव्हेंबर १८४० मधल्या एका पहाटे वडील त्याला पोचवायला ग्लासगोपर्यंत चालत आले. बापलेकांची ती शेवटची भेट ठरली.

पुढची पंधरा वर्षं आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहेत. १८४४ मध्ये सिंहाने डाव्या दंडाचं हाड मोडलं. ते नीट सांधलंच नाही. १८४५ मध्ये मोफॅट यांची मुलगी मेरी हिच्याशी लग्न झालं. १८५२ ते १८५६ या काळात लिव्हिंग्स्टन यांनी पश्चिमेच्या लुआंडापासून पूर्वेच्या किलिमाने बंदरापर्यंत आफ्रिका खंड ओलांडला. नोव्हेंबर १८५५ मध्ये त्यांनी तो धबधबा पाहिला. तिथले लोक त्याला आधीपासून ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत. तेव्हा शोधला म्हणण्यापेक्षा युरोपला सांगितला, असं म्हणणं बरोबर. वाटेत त्यांनी गुलामांचे तांडे पाहिले आणि तो व्यापार बंद पाडणं हे त्यांचं जन्माचं काम झालं. १८५७ मध्ये आलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाने ते घराघरांत पोचले.

या सगळ्याची किंमत घरच्यांनी मोजली. गरोदर मेरीला आणि लहान मुलांना घेऊन त्यांनी कलहारीचं वाळवंट पार केलं होतं. १८५० मध्ये जन्मलेली एलिझाबेथ काही आठवडेच जगली. १८५२ मध्ये बायकोमुलांना केपटाऊनहून ब्रिटनला पाठवून ते एकटे आत गेले. मेरीचं सासरी जमलं नाही; मुलांना घेऊन ती आज इथे, उद्या तिथे अशी चार वर्षं राहिली. १८६२ मध्ये ती पुन्हा नवऱ्याकडे आली आणि तीन-चार महिन्यांत झांबेझीकाठच्या शुपंगा इथे तापाने गेली. थोरला रॉबर्ट नाव बदलून अमेरिकेच्या यादवी युद्धात लढायला गेला आणि १८६४ मध्ये कैदेत वारला. तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच पुढे कबूल केलं आहे, की दिवसभराच्या कामाने ते इतके थकून जात, की संध्याकाळी मुलांशी खेळायला अंगात हुरूपच उरत नसे. आणि खेळायला सवड झाली तेव्हा मुलं मोठी झाली होती. सिंहाच्या तोंडातून वाचल्याची त्यांनी कधी फारशी बढाई मारली नाही. ही खंत मात्र त्यांनी लिहून ठेवली.

सरकारने परत बोलावलेली झांबेझीची मोहीम १८६४ मध्ये संपली. ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून ती विकायला लिव्हिंग्स्टन स्वतः कप्तान होऊन झांझिबारहून निघाले. ४५ दिवसांत हिंदी महासागर ओलांडून ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईला पोचले. सोबत आफ्रिकी खलाशी होते. त्यांतल्या चुमा आणि विकातानी या दोन मुलांना त्यांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सनही स्कॉटिशच, विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं.

मग ते मायदेशी गेले. हॅमिल्टनला आईच्या घरी पाच वर्षांची एक मुलगी होती. ती त्यांची धाकटी लेक ॲना मेरी. तिला ते पहिल्यांदाच पाहत होते! त्यानंतरचे सात-आठ महिने त्यांनी इंग्लंडमध्ये न्यूस्टेड ॲबी इथे वेब नावाच्या मित्राच्या वाड्यात काढले. आफ्रिकेत हे वेब आजारी पडले असताना लिव्हिंग्स्टन यांनी त्यांची काळजी घेतली होती. लेक ॲग्नेस सोबत होती. दिवसा पुस्तकाचं लेखन चाले. ॲग्नेस आणि वेबबाई नकला उतरवून देत. एरवी वेबांच्या मुलांना गोष्टी सांगायच्या, मित्रांबरोबर गप्पा मारायच्या. मोठेपणी घरच्यांसोबत असे निवांत, हसतेखेळते दिवस त्यांना मिळाले ते एवढेच. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा निघाले, ते परत न येण्यासाठी.

सप्टेंबरमध्ये ते मुंबईत आले आणि तिथून नाशिकला. त्या काळी इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांवर सापडलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकजवळ शरणपूरला रेव्हरंड प्राइस यांच्या मिशनच्या वसाहतीत ठेवत. तिथे त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. तिथली नऊ मुलं लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर जायला आपणहून तयार झाली. ‘लेडी न्यासा’ २३०० पौंडांना विकली गेली. बांधायला ६००० लागले होते. ती रक्कम मुंबईच्या एका बँकेत ठेवली, आणि अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळल्यावर ती बँक बुडाली. जानेवारी १८६६ मध्ये सगळे मुंबईहून झांझिबारला निघाले. सामानात उंट होते, आपल्याकडच्या म्हशीसुद्धा होत्या. त्सेत्से माशीपुढे त्या टिकतात का, हे पाहायचं होतं. बिचाऱ्या टिकल्या नाहीत.

ती नऊ मुलं आदर्श निघाली, असं मी लिहिणार नाही. एक वाटेत आजारपणाने गेला, काही कंटाळून मागे राहिले. लिव्हिंग्स्टन यांनी डायरीत त्यांच्यावर बराच राग काढला आहे. तेही सोपे गृहस्थ नव्हते. नाईलचा उगम शोधण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही आणि ज्या लुआलाबा नदीला ते नाईल समजत होते ती निघाली काँगोची. १८७१ मध्ये स्टॅन्ली हा पत्रकार त्यांना शोधत उजिजीला पोचला. त्याने घरी चला म्हणून परोपरीने विनवलं, तरी ते गेले नाहीत. स्टॅन्लीने परत जाऊन १८७२ मध्ये झांझिबारहून नवी माणसं पाठवली. त्यांत नाशिकचे आणखी सहा जण होते : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन. ही इंग्रजी नावं शाळेत मिळालेली. जेकब मूळचा याओ जमातीचा, लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवलेला.

१ मे १८७३ च्या पहाटे आजच्या झांबियातल्या चितांबो गावी लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडले. आता काय करायचं, हा निर्णय या साठेक माणसांचा होता. वर कोणी साहेब नव्हता. तिथेच पुरून मोकळं होणं सगळ्यात सोपं. त्यांनी ठरवलं, डॉक्टरांना त्यांच्या माणसांत पोचवायचं. फारिजालाने शरीर उघडलं, कॅरस त्याच्या मदतीला होता. हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि त्या झाडावर नाव कोरलं. देह मिठात घालून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि सुसी, चुमा यांच्यामागे सगळे चालू लागले. वाटेत दहाएक माणसं दगावली. उन्यान्येंबेला लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने इथेच पुरा म्हणून सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावचे लोक प्रेत न्यायला आडवे आले, तेव्हा काटक्यांचं खोटं प्रेत करून काही जणांनी ते माघारी नेण्याचं सोंग केलं. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे गेला. पँटच्या पायात मासा लपवणाऱ्या मुलाला ही युक्ती नक्की आवडली असती. हजार मैलांहून अधिक चालून फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला समुद्रकाठी पोचले. तिथे बहुतेकांना पगार देऊन निरोप दिला गेला.

जेकब तेवढा बोटीने इंग्लंडला गेला. लंडनमध्ये सर विल्यम फर्ग्युसन यांनी सिंहाने मोडलेल्या त्या हाडावरून ओळख पटवली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झालं. म्हातारे सासरे मोफॅट होते, मुलं होती. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली आणि न्यूस्टेडचे वेब यांच्या बरोबरीने शरणपूरच्या शाळेत शिकलेला जेकब होता. सुसी आणि चुमा मागाहून पोचले. दफन त्यांना पाहायला मिळालं नाही. पुढे प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवलं आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकी तिकडे गेले.

मित्रहो, सातपूरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. रविवारचा ओव्हरटाइम सहसा सोडला नाही. मुलीच्या गॅदरिंगचे फोटो तेवढे आहेत माझ्याकडे, पाहिलेलं गॅदरिंग एकच. म्हणून लिव्हिंग्स्टन यांची ती खंत वाचताना मला पान उलटवेना. आणि शरणपूरच्या पोरांबद्दल वाचताना आपला वर्ग आठवला. दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्या एकाला अखेरच्या दिवसांत हॉस्पिटलमधून घरी आणायला रात्री दोन वाजता आपलेच सहा जण जमले होते. कोणी कोणाला वेगळं बोलावलं नव्हतं.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला की शरणपूर रोडला एक फेरी मारावी, असं सुचवतो. द्वारकेच्या चौकात साडेसातला जमू. मुलंबाळं, नातवंडं यांना घेऊनच या. आपले सर आणि बाई आल्या, तर नकाशावर बोट ठेवण्याचा मान त्यांचाच.