खानदेशची लेक : स्मिता पाटील

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात आपले रावेर वसले आहे. त्याच खोऱ्यात, पश्चिमेस शिरपूर आहे. तेथील स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता हिने दहा-बारा वर्षांच्या कारकिर्दीत चित्रपटांतील स्त्रीचे रूपच पालटून टाकले. मंडळाच्या वर्धापनदिनी या खानदेशकन्येचे स्मरण करणे उचित होईल.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील समाजवादी विचारांचे. पुढे ते राज्याचे मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका होत्या. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार घरीच लाभले. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचू लागली. वेळ झाली की जीन्सवरच साडी नेसून ती कॅमेऱ्यापुढे बसे, अशी आठवण सांगतात. तेथेच दिग्दर्शक श्याम बेनेगल यांची नजर तिच्यावर गेली.

तोवर नायिका म्हटली की गोरीपान, नटलेली हवी, अशी समजूत होती. स्मिता सावळी, पण तिचे डोळे बोलत. 'मंथन' (१९७६) मध्ये ती दूध घालणारी खेडवळ बाई झाली. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो चित्रपट उभा केला होता. 'भूमिका' (१९७७) मध्ये तिने हंसा वाडकर या अभिनेत्रीच्या आत्मकथेवरून घेतलेली व्यक्तिरेखा रंगविली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. 'जैत रे जैत' मध्ये ती ठाकरवाडीतली चिंधी झाली. झोपडपट्टीतील स्त्रीच्या 'चक्र' मधील भूमिकेने तिला दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार दिला. १९८५ साली ती पद्मश्री झाली.

परंतु आम्हां बायकांच्या मनात घर केले ते 'उंबरठा' (१९८२) मधील सुलभा महाजनने. सुखवस्तू घरातली ही सून पती व लहान मुलीला मागे ठेवून दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते. तेथील अन्यायाशी झगडून ती परतते, तेव्हा स्वतःच्या घरातच तिला जागा उरलेली नसते. ती पुन्हा बाहेर पडते. तिचे चुकले की बरोबर, यावर त्या काळी घरोघर वाद झाले. वाद व्हावा, हेच त्या चित्रपटाचे यश होय.

स्मिताने मोठ्या व्यावसायिक चित्रपटांतही कामे केली. पण त्यांतील नाचगाण्यांत तिचे मन रमले नाही. विवाहित नटाशी लग्न केल्यामुळे तिला टीकाही सोसावी लागली. मुंबईच्या विमेन्स सेंटरची ती सभासद होती. पडद्यावरच्या स्त्रीचे दुःख तिने पडद्यापुरते ठेवले नाही.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती बिघडली आणि १३ डिसेंबरला वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी तिने जगाचा निरोप घेतला. मिरचीच्या कारखान्यात कोंडलेल्या बायका जुलमी सुभेदाराच्या डोळ्यांत तिखट उधळतात, तो 'मिर्च मसाला' तिच्या मागे, १९८७ साली प्रदर्शित झाला.

मुंबईसारखे शहर आणि एवढी नामवंत स्त्री, तरी बाळंतपणाने घात केला. मग केळीच्या बागेत राबणाऱ्या आपल्या बाळंतिणींना किती जपावयास हवे! त्यांचे दुखणे अंगावर काढू न देणे, हे आपले पहिले काम. आपणही एकेक उंबरठा ओलांडूनच या मंडळात आलो आहोत. जिला अजून तो ओलांडता आलेला नाही, त्या शेजारणीला पुढच्या बैठकीला हात धरून घेऊन येऊ या.