रेचेलबाईंचं पाणी

फवारणीच्या दिवसांत पाणी भरायचं काम बायांचंच, हे आमच्या यवतमाळकडच्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. विहिरीपासून धुऱ्यापर्यंत गुंड डोक्यावर घेऊन मीही खेपा घातल्या आहेत. पंप धुतलेलं पाणी नाल्यात सांडलं की विष वाहून गेलं, संपलं, असंच तेव्हा वाटायचं. २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा कुठे मी रेचेल कार्सन वाचायला घेतली.

ही अमेरिकेतली बाई, जन्म १९०७ चा. प्राणिशास्त्रात एम.ए. झाली, पण संशोधनात रमायची सवड कुठली? वडील गेले, मग बहीण गेली. म्हातारी आई आणि बहिणीच्या दोन मुली हिच्या पदरात. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी आणि रात्री लिखाण. समुद्रावरच्या पुस्तकानं १९५१ मध्ये नाव झालं, तेव्हा नोकरी सोडली. पुढे १९५७ मध्ये भाचीही गेली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा हिनं दत्तक घेतला. लग्न नाही, पण संसार मात्र पुरता!

याच काळात ती कीटकनाशकांच्या मागे लागली. तिच्या १९६२ च्या पुस्तकातली कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकची हकिकत मला विसरता येत नाही. तिथे चिलटं मारायला तळ्यात डीडीटीच्या जातीचं औषध टाकलं, तेही कोट्यवधी थेंबांत एक थेंब या हिशेबानं. नंतर पाणी तपासलं तर विष दिसेना. मग गेलं कुठे? शेवाळात, तिथून माशांत आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत. पक्षी मेले.

विष पाण्यात किती टिकतं, हे प्रयोगशाळेत पाहतात. लिंबू पिळल्यासारखं आंबट, साधं आणि खायचा सोडा घातल्यासारखं, अशा तीन तऱ्हेच्या पाण्यांत औषध मोजून घालतात. नळ्या अंधारात, एकाच उष्णतेवर ठेवतात. ठरावीक दिवसांनी किती उरलं ते मोजतात. निम्मं व्हायला लागलेले दिवस म्हणजे त्याचं अर्धायुष्य. आपल्याकडचं मोनोक्रोटोफॉस सोड्याच्या पाण्यात लवकर फुटतं, आंबट पाण्यात फार रेंगाळतं. डीडीटी मात्र लवकर फुटत नाही, आणि फुटलं तरी त्याची पिल्लं तितकीच चिवट.

पुस्तक लिहिताना रेचेलला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९६० मध्ये शस्त्रक्रिया झाली, पण गाठ कर्करोगाची आहे हे डॉक्टरांनी तिला सांगितलंच नाही. बाईला काय सांगायचं, ही तऱ्हा तिकडेही होतीच! औषध कंपन्यांनी तिला भित्री, भावनाप्रधान बाई ठरवलं. तिनं आजार लपवला, केस गेले तर टोप घातला आणि १९६३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे जाऊन शांतपणे बोलली. आजाराचा बोभाटा झाला तर लोक तिच्या शास्त्रावर शंका घेतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिल १९६४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी ती गेली. अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी बंद झालं १९७२ मध्ये. ते तिनं पाहिलं नाही.

आमच्याकडे आता पंप धुवायची जागा मी विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, बांधाच्या पलीकडे ठरवून दिली आहे. घरचे कुरकुरतात. तेवढं चालायचंच.