तेलाच्या पापुद्र्याचे गणित मांडणारे ऑस्बर्न रेनॉल्ड्स

ऑस्बर्न रेनॉल्ड्स हे नाव अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला फार लवकर भेटते. नळातून वाहणारा द्रव संथ राहील की खळाळू लागेल, हे ज्या अंकावरून ठरवितात त्याला त्यांचे नाव दिले आहे. बहुतेकांची या शास्त्रज्ञाशी ओळख तेथेच थांबते. मात्र वीजकेंद्रातील टर्बाइनचा शेकडो मणांचा दांडा धातूला न टेकता तेलाच्या ज्या पापुद्र्यावर फिरत असतो, त्याचे गणितही रेनॉल्ड्स यांचेच आहे. हा पापुद्रा केसाहूनही पातळ असू शकतो. कारखान्यातल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर हे दुसरे कार्य पहिल्याहून तसूभरही कमी नाही.

रेनॉल्ड्स यांचा जन्म 23 ऑगस्ट 1842 रोजी बेलफास्ट येथे झाला. वडील धर्मोपदेशक आणि मुख्याध्यापक होते. केंब्रिजमध्ये गणित शिकलेल्या या गृहस्थांना शेतीच्या अवजारांत सुधारणा करण्याचा छंद होता आणि त्याची पेटंटेही त्यांनी घेतली होती. मुलाचे आरंभीचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली झाले. पुढे ऑस्बर्नने विद्यापीठाकडे न वळता आधी स्टोनी स्ट्रॅटफर्ड येथील एडवर्ड हेज यांच्या यंत्रशाळेत उमेदवारी केली. तेथे पडणाऱ्या प्रश्नांना गणितावाचून उत्तर नाही हे उमगल्यावर ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले आणि 1867 मध्ये गणिताच्या परीक्षेत सातवे आले. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात ते अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. ती जागा त्यांनी 1905 पर्यंत सांभाळली.

शिक्षक म्हणून मात्र त्यांची ख्याती संमिश्र होती. बोलता बोलता त्यांचे विचार शब्दांच्या पुढे धावत आणि वर्ग मागे राहून जाई. पुढे इलेक्ट्रॉनच्या शोधामुळे जगप्रसिद्ध झालेले जे. जे. थॉमसन हे त्यांचे विद्यार्थी. सरकपट्टीवर तीन चोक बाराऐवजी पावणेबाराच्या आसपास काहीतरी आले असता, एवढे जवळचे उत्तर पुरेसे आहे असे सांगून गुरुजी पुढे गेल्याची कथा सांगितली जाते. रेनॉल्ड्स यांचे निबंध वाचणाऱ्यालाही अशीच दमछाक सोसावी लागे.

वंगणाच्या प्रश्नाकडे ते वळले ते दुसऱ्याच्या प्रयोगामुळे. त्या काळी यंत्रांना तेल देण्याची रीत कुपीची, वातीची किंवा झारीची होती. तेल थेंब थेंब पडे, जिरे आणि वाया जाई. बेअरिंगच्या डोक्यावर, म्हणजे भार जेथे सर्वाधिक तेथेच, छिद्र पाडून तेल सोडणे सर्वांना स्वाभाविक वाटे. धुरे तापत, बेअरिंगचा धातू वितळे आणि आगगाड्या खोळंबत. इंग्लंडच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने 1879 मध्ये घर्षणाच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशॅम टॉवर यांच्याकडे आले.

टॉवर यांनी चार इंच व्यासाचा दांडा तेलाच्या कुंडात अर्धवट बुडवून फिरविला. त्यावर पितळी बेअरिंग आणि बेअरिंगवर वजन, अशी मांडणी होती. घर्षण अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरले. मग नेहमीप्रमाणे कुपी बसविण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचे छिद्र पाडले. यंत्र सुरू होताच तेल आत जाण्याऐवजी छिद्रातून वर उसळून बाहेर येऊ लागले! बूच मारले, ते हळूहळू वर सरकून निघाले. लाकडी खुंटी ठोकली, तिचीही तीच गत झाली. शेवटी तेथे दाबमापक जोडला, तर काटा चौरस इंचास 200 पौंडांच्या अखेरच्या खुणेपलीकडे गेला. बेअरिंगवरील भार मात्र सरासरी 100 पौंडांचाच होता. टॉवर यांचा पहिला अहवाल 1883 मध्ये प्रसिद्ध झाला. दांडा तेलावर तरंगतो हे त्यातून दिसले, पण का तरंगतो हे कोडे उरले.

ते कोडे रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवलेल्या निबंधात उलगडले. बेअरिंगची त्रिज्या दांड्याच्या त्रिज्येहून किंचित मोठी असते. भाराखाली दांड्याचा मध्य थोडा बाजूला सरकतो आणि दोहोंमधील फट एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती अशी पाचरीसारखी होते. फिरणारा दांडा चिकट तेलाला आपल्यासोबत या निमुळत्या फटीत ओढतो. तेलाला सहजी बाहेर पडता येत नाही, त्याचा दाब वाढतो आणि हाच दाब दांड्याला उचलून धरतो. वेग आणि तेलाचा चिकटपणा यांवर ही उचल अवलंबून असते. तेल तापले की पातळ होते, म्हणून ऑलिव्ह तेलाचा चिकटपणा तापमानाबरोबर कसा घटतो याची मोजमापेही त्यांनी केली. टॉवर यांनी नोंदलेले दाब या गणिताशी जुळले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या यंत्रांत तेलाची टाकी, पंप, गाळणी, तेल थंड करणारा कूलर, बेअरिंगांकडे जाणाऱ्या नळ्या आणि परतीचा मार्ग अशी अभिसरणाची व्यवस्था असते. पंपाचा दाबच दांडा उचलतो, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः बेअरिंगपाशी पोहोचणारा तेलाचा दाब बहुधा एक-दोन वातावरणांएवढाच असतो, तर पापुद्र्यातील दाब त्याच्या कित्येक पट असतो. भार पेलतो तो दांड्याच्या फिरण्यातून आपोआप तयार होणारा दाब. बेअरिंगच्या कडांतून निसटलेले तेल भरून काढायचे आणि घर्षणाची उष्णता वाहून न्यायची, हे पंपाचे काम. टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये साधारण 45 अंश सेल्सिअसला शिरलेले तेल 60 ते 65 अंशांना बाहेर पडते. तेल आत सोडण्याची जागाही आता बदलली. माथ्यावरचा कमाल दाबाचा भाग टाळून, दाब कमी असतो त्या बाजूने ते सोडले जाते. दांडा थांबलेला असताना मात्र पाचर तयार होत नाही. म्हणूनच सुरुवातीला अवजड दांडा उचलण्यासाठी वेगळा उच्चदाब पंप ठेवतात, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा पंप सज्ज असतो. पूर्ण वेगातील टर्बाइनचे तेल तुटले की बेअरिंगचा पांढरा धातू वितळायला फारसा अवधी लागत नाही.

हे सारे रेनॉल्ड्स यांनी स्वतः उभारले नाही. बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यातील पेन यांनी 1890 मध्ये वाफेच्या इंजिनात पंपाने वंगण फिरविण्याचे पेटंट घेतले, आणि जलदगती इंजिने त्यानंतर निर्धास्तपणे धावू लागली. रेनॉल्ड्स यांचा निबंध वाचून तो उपयोगात आणणारे तर फारच थोडे निघाले. लेखनाची दुर्बोधता हे त्याचे एक कारण असावे.

स्वतः रेनॉल्ड्स तोवर दुसरीकडे वळले होते. मर्सी नदीच्या मुखाची लहान प्रतिकृती करून भरती-ओहोटीत गाळ कसा सरकतो हे त्यांनी पाहिले, उष्णतेचे यांत्रिक मूल्य नव्याने मोजले. अखेरीस, सारे विश्व सूक्ष्म कणांनी ठासून भरलेले आहे अशी एक भव्य उपपत्ती त्यांनी 1903 मध्ये मांडली. ती टिकली नाही. ढासळत्या प्रकृतीमुळे 1905 मध्ये ते निवृत्त झाले आणि 21 फेब्रुवारी 1912 रोजी सॉमरसेटमधील वॉचेट येथे त्यांचे निधन झाले.

त्या निबंधाचे दोन चांगले वाचक दूरदेशी होते: मेलबर्नचे मिशेल आणि अमेरिकेतील किंग्सबरी. बेअरिंगची बैठक एकसंध न ठेवता तिचे किंचित कलणारे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याखाली रेनॉल्ड्स यांची पाचर आपोआप तयार होईल, हे दोघांना स्वतंत्रपणे सुचले. रेनॉल्ड्स यांच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांनी, जून 1912 मध्ये, किंग्सबरी यांचे असे बेअरिंग पेनसिल्व्हेनियातील सस्केहॅना नदीवरच्या होल्टवुड जलविद्युत केंद्रात बसविण्यात आले. त्यावर सुमारे 220 टन भार होता. 1987 मध्ये अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हाही ते काम करीतच होते.