वेंडेल स्टॅन्ली : विषाणूचे स्फटिक करणारा रसायनज्ञ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उमटवणाऱ्या मोझॅक रोगाने युरोपातील शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी तो निरोगी रोपाला रोग देत असे. रशियात इव्हानोव्हस्की यांनी १८९२ मध्ये आणि हॉलंडमध्ये बायरिंक यांनी १८९८ मध्ये हे दाखवले. त्या रसात नेमके असते तरी काय, हे मात्र पुढे अनेक वर्षे कळले नाही. या शोधाची वाट मोकळी केली ती वेंडेल मेरेडिथ स्टॅन्ली यांनी.

स्टॅन्ली यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी इंडियाना राज्यातील रिजव्हिल या लहानशा गावी झाला. आईवडील स्थानिक वृत्तपत्र चालवीत. अर्लहॅम महाविद्यालयात फुटबॉल गाजवणाऱ्या या तरुणाला प्रशिक्षक व्हायचे होते. परंतु इलिनॉय विद्यापीठाच्या भेटीत रसायनशास्त्रज्ञ रॉजर ॲडम्स यांची गाठ पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. १९२९ मध्ये तेथेच डॉक्टरेट मिळवून आणि काही काळ म्युनिकमध्ये संशोधन करून ते रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. १९३२ पासून संस्थेच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत त्यांनी तंबाखूचा विषाणू हाती घेतला.

मोठ्या प्रमाणावर रोगट रोपे गोठवून, वाटून, त्यांचा रस क्षारांच्या साहाय्याने शुद्ध करीत १९३५ मध्ये त्यांनी सुईसारखे स्फटिक मिळवले. ते पुनःपुन्हा विरघळवून स्फटिकरूपात आणले, तरी त्यांची रोगकारक शक्ती टिकून राहिली. मिठासारखे बाटलीत भरून ठेवता येणारे द्रव्य रोपात शिरताच स्वतःच्या प्रती काढू लागते, या वास्तवाने सजीव आणि निर्जीव यांमधील सीमारेषाच पुसट झाली.

तथापि हे द्रव्य निव्वळ प्रथिन आहे, हा त्यांचा निष्कर्ष अपुरा ठरला. इंग्लंडमधील बॉडेन आणि पिरी यांनी १९३६ मध्ये त्यात रायबोन्यूक्लिक आम्ल, म्हणजे आरएनए, असल्याचे दाखवले. त्याचा वाटा अवघा पाच-सहा टक्के होता. पण विषाणूचे सारे रहस्य त्यातच दडले होते.

१९४६ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकात सम्नर आणि नॉर्थ्रॉप यांच्यासह स्टॅन्ली सहभागी होते. १९४८ मध्ये त्यांनी बर्कली येथे विषाणू प्रयोगशाळा उभारली. अपुरा राहिलेला निष्कर्ष पूर्ण झाला तो त्यांनीच उभारलेल्या या प्रयोगशाळेत, हे विशेष. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी प्रथिन व आरएनए वेगळे करून पुन्हा जुळवले आणि विषाणू पूर्ववत रोगकारक झाला. पुढील वर्षी बर्कलीत आणि जर्मनीतही एकटा आरएनए रोग घडवू शकतो, हे सिद्ध झाले.

१५ जून १९७१ रोजी स्पेनमधील सालामांका येथे स्टॅन्ली यांचे निधन झाले. त्यानंतर दशकभरातच, १९८० मध्ये, फ्लॉवरवरील मोझॅक विषाणूच्या डीएनएचे जीवाणूत क्लोनिंग करून त्यानेच सलगमाच्या रोपांना रोग देता येतो, हे अमेरिकी संशोधकांनी दाखवले. १९८६ मध्ये सेंट लुईस येथे रॉजर बीची व सहकाऱ्यांनी तंबाखूच्या विषाणूचे आवरण-प्रथिनाचे जनुक रोपात घालून त्याला त्याच विषाणूविरुद्ध बळ दिले. हवाईतील पपईच्या बागा १९९८ पासून सावरल्या, त्या याच तत्त्वावर. स्टॅन्ली यांनी बाटलीत उतरवलेला शत्रू असा अखेर पिकांचा राखणदार झाला.